माझी भाची आणि तिची छत्री

छत्रीची खरेदी हा गिरगावातल्या घरांत पूर्वीपासून गंभीर विषय आहे. मृग लागायच्या आठ दिवस आधी माळ्यावरच्या जुन्या छत्र्या खाली निघतात, त्यांच्या काड्या मोजल्या जातात, कापड उजेडासमोर धरून भोके शोधली जातात, आणि "यंदाचा पावसाळा काढील" असा निकाल लागला की त्या दुरुस्तीला जातात. नवीच घ्यायची वेळ आली तर घरचे वडीलमाणूस बरोबर जाते, दुकानात पाचसहा वेळा उघडमीट करून पाहते, आणि मग दुकानदाराला न आवडणारी किंमत सांगते. एवढी काळजी कशासाठी, तर फार तर भिजायचे असते म्हणून! माझ्या भाचीने जी छत्री घ्यायला काढली, तिच्या बाबतीत प्रश्न भिजण्याचा नव्हता.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय सव्वीस. ठाकुरद्वारच्या बाजूला एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आईवडिलांजवळ राहते आणि संगणकाच्या एका कंपनीत नोकरी करते. लहानपणी सुट्टीत ती दादरला माझ्याकडे येई आणि शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबाला जाई. तेवढ्यावर हौस भागली असे आम्ही समजत होतो. पण २०२२ साली ती मैत्रिणींबरोबर दिल्ली पाहायला म्हणून गेली आणि हरियाणात नारनौलजवळच्या धावपट्टीवरून विमानात बसून, शिक्षकाच्या अंगाशी स्वतःला बांधून घेऊन, त्याच्यासकट खाली उडी मारून परत आली. घरी सांगितले ते आल्यावर. ताईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी अबोला सोडला तो "वर थंडी वाजते का गं?" हे विचारण्यासाठी.

मुंबईला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा इंग्रज वैमानिक, म्हणजे त्या काळचा बलूनवाला, मुंबईत येऊन परळला आपले खेळ करून गेला. बलूनमधून वर जायचे आणि छत्रीला लटकून खाली यायचे, हा त्याचा धंदा. पुढे तो कलकत्त्याला गेला, आणि तिथे त्याच्याकडून विद्या घेऊन रामचंद्र चॅटर्जी या बंगाली कसरतपटूने १८९० साली छत्रीने उतरून दाखवले. आपल्या मराठी माणसाचे म्हणाल, तर ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगला देशात टांगाईलजवळ जी पलटण विमानांतून उतरली ती २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच एक बटालियन. आणि पुण्याच्या शीतल महाजन तर सर्वांना ठाऊक आहेतच. त्यांनी आपली आयुष्यातली पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर मारली, हेलिकॉप्टरमधून, २,४०० फुटांवरून, शून्याखाली ३७ अंश थंडीत. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्या थायलंडमध्ये नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उतरल्या. ही शेवटची बातमी ताईने कात्रण काढून ठेवली होती. कारण तिला नऊवारीचे कौतुक. भाचीने ते कात्रण बरोबर हेरून ठेवले आणि योग्य वेळी पुढे केले.

"शीतलताई बघ," ती म्हणाली, "पहिलीच उडी ध्रुवावर!"

"आणि मग?" माझ्या भावोजींनी विचारले. भावोजी एका कचेरीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले आहेत. अर्धा हिशेब सांगितलेला त्यांना चालत नाही.

मग तिने उरलेला हिशेब सांगितला. ध्रुवावरची ती उडी दोरीने आपोआप छत्री उघडणारी होती. बाकीचे सारे शिक्षण शीतलताईंनी पुढे घेतले आणि नंतर शेकडो उड्या मारल्या. पहिली उडी बातमीत येते. मधल्या शेकडो कोणी छापत नाही.

त्या मधल्या उड्यांसाठी भाचीने दोन वर्षांची शिल्लक मोडून थायलंड गाठले. आता हे शिक्षण कसे असते ते मी ऐकून ऐकून शिकलो आहे. सुरुवातीच्या उड्यांत दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात, मग एकच असतो, मग तोही हात सोडून समोर तरंगत नुसता पाहत राहतो. सुमारे १३,००० फुटांवर विमानाचे दार उघडते. मिनिटभर मोकळे पडायचे, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. साडेपाच हजार फुटांच्या सुमारास छत्री ओढायची. पोट पुढे, हातपाय मागे, शरीराची कमान करून पडायचे, म्हणजे माणूस स्थिर राहतो. मल्लखांबामुळे तिला कमान चटकन जमली. पण हात मात्र जमेनात. दोरीवर वाढलेल्या मुलीची बोटे संकटात काहीतरी घट्ट पकडायला जातात, आणि तिथे पकडायला हवेशिवाय काही नसते. शिक्षक वरून खूण करी: सैल सोड. चौथ्या की पाचव्या उडीला ती बोटे सुटली.

अमेरिकन पॅराशूट संघटनेचा पहिला परवाना, 'ए' म्हणतात तो, मिळवायला किमान २५ उड्या लागतात. शिवाय स्वतःची छत्री स्वतःला घडी करता आली पाहिजे आणि संकटाची कवायत झोपेतसुद्धा आली पाहिजे. छातीवरच्या पट्ट्यांना दोन मुठी असतात. मुख्य छत्री नीट उघडली नाही तर उजवी मूठ ओढून ती तोडून टाकायची आणि डावी ओढून राखीव छत्री उघडायची. हा निर्णय तिच्यासारख्या नवशिक्याने २,५०० फुटांच्या आत न येता घ्यायचा असतो. त्यानंतर विचार करायला जागा उरत नाही. ती ही कवायत स्वयंपाकघरात करी. ताई पोळ्या लाटत असता ओट्याशेजारी उभी राहून, "उजवी बघ, उजवी धर, डावी बघ, डावी धर, ओढ, ओढ," असे पुटपुटत छातीशी हात चालवी. भावोजी एकदा पाणी प्यायला आत आले आणि मुकाट्याने परत गेले. मला म्हणाले, "संध्या करते आहे असं वाटलं. मध्ये बोललो नाही."

घडी घालण्याचा सराव मात्र सबंध चाळीने पाहिला. एका परिचिताने उडीला न चालणारी, बाद झालेली एक जुनी छत्री तिला सरावापुरती दिली होती. ही छत्री पसरायला दहापंधरा फूट लांब मोकळी जागा लागते, आणि गिरगावातल्या कुठल्याही खोलीत ती मिळणार नाही. पण चाळीची गॅलरी ह्याच कामासाठी बांधली असावी, इतकी सोयीची! रविवारी दुपारी चपला, कुंड्या आणि वाळत घातलेल्या सांडग्यांची ताटे हलवली गेली, एका टोकाला कठड्याला हार्नेस अडकवला गेला, आणि तिथून सगळ्या दोऱ्या ताणून छत्रीचे कापड दुसऱ्या टोकाच्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत गेले.

आजच्या छत्र्या गोल नसतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. डोमिना जाल्बर्ट या माणसाने १९६०च्या दशकात शोधलेला हा पंख्यासारखा प्रकार: कापडाचे दोन थर, मध्ये सात किंवा नऊ कप्पे, पुढून तोंडे उघडी. वारा आत शिरला की कापड फुगून विमानाच्या पंखासारखे कडक होते आणि पुढे चालू लागते. गोल छत्री माणसाला नुसती खाली आणते. ही त्याला उडवीत आणते, उजवीडावीकडे वळते आणि शेवटी दोन्ही दोर एकदम खाली ओढले की जमिनीशी येऊन थबकते.

घडी म्हणजे कापडातली हवा काढणे. नव्या छत्रीच्या कापडातून हवा मुळीच आरपार जात नाही, आणि ते साबणासारखे निसटते. भाची गुडघ्यांवर बसून, कापड पोटाशी धरून, त्यावर आडवी पडून हवा दाबून काढी. ती उठली की घडी पुन्हा श्वास घेई. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी हे सारे पाहत होत्या. त्यांनी पैठण्या घडी करण्यात जन्म घालवलेला. त्या म्हणाल्या, "अगं, टोकाकडून दाब, मध्ये काय बसतेस?" आणि खरोखरच घडी बसली. लालबागहून तिच्या बाबांचा एक पुतण्या आला होता. तो गोविंदा पथकातला, खालच्या थराचा गडी. त्याने विचारले, "किती थर शिकवतात पहिल्या दिवशी?" ती म्हणाली, "एकसुद्धा नाही." त्याने मान डोलावली. गुरुपौर्णिमेला सराव सुरू करून एकेक थर वाढवणाऱ्या माणसाला ह्यापुढे समजावून सांगावे लागले नाही.

आता मूळ मुद्दा. परवाना मिळाला, एकूण उड्या ३१ झाल्या, आणि स्वतःचा संच घेण्याचे वेध लागले. भाड्याचे संच महाग पडतात, शिवाय दरवेळी वेगळे. नवा संच सहासात लाखांच्या घरात जातो. त्यात चार वस्तू असतात: पाठीवरची पिशवी व पट्टे, मुख्य छत्री, राखीव छत्री, आणि एक छोटे स्वयंचलित यंत्र. माणूस बेशुद्ध पडला किंवा भान हरपून वेगाने खाली येत राहिला, तर हे यंत्र ठरावीक उंचीला, सुमारे साडेसातशे फुटांवर, राखीव छत्रीचा फास आपण होऊन कापते. त्याचे आयुष्य वर्षांवर ठरलेले असते. ते संपले की यंत्र बाद.

तेवढ्यात एका परदेशी उडीबहाद्दराचा जवळजवळ नवा संच निम्म्या किमतीत विकायला निघाला. छत्री भगव्या रंगाची, झळझळीत. फोटो पाहून मीसुद्धा मोहात पडलो असतो. आकार १२० चौरस फूट.

चौरस फूट म्हटल्याबरोबर मुंबईच्या माणसाचे कान टवकारतात. आमच्या शहरात बी. डी. डी. चाळींच्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. त्यात पिढ्यान् पिढ्या संसार झाले. ज्या मोठ्या छत्र्यांवर भाची शिकली त्या सव्वादोनशे फुटांच्या वर होत्या. भावोजींनी वही उघडली. हिचे वजन ५५ किलो. पाठीवरचा संच, शिरस्त्राण, कपडे धरून आणखी ११. एकूण ६६ किलो, म्हणजे सुमारे १४५ पौंड. ह्या क्षेत्रात पौंडांना चौरस फुटांनी भागतात आणि येणाऱ्या आकड्यावरून छत्रीची चाल ओळखतात. नवशिक्याने एकाच्या वर जाऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. १४५ भागिले १२० म्हणजे १.२१. भावोजींनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

आकडा मोठा म्हणजे काय? तेच वजन कमी कापडावर. छत्री वेगाने पुढे जाते, वेगाने उतरते, आणि दोर थोडा जास्त ओढला तरी झपकन वळते. वळताना ती खाली बुडी मारते. वर तीन हजार फुटांवर ह्या बुडीची मजा वाटते. जमिनीपासून शंभर फुटांवर, समोर अचानक झाड किंवा कुंपण दिसून घाबऱ्या हाताने दोर ओढला, तर छत्रीला पुन्हा सावरायला जितकी उंची लागते तितकी खाली शिल्लकच नसते. शिवाय लहान कापडाचे दोरही आखूड, त्यामुळे वजन हलके असूनही ते अधिकच चपळ वागते. म्हणून हलक्या अंगाच्या माणसाने नुसता भागाकार पाहूनही चालत नाही.

सामान्य माणसाला वाटते की ह्या खेळात लोक छत्री उघडली नाही म्हणून दगावतात. तसे होते, पण राखीव छत्री, यंत्र आणि शिक्षण यांनी ते पुष्कळ आटोक्यात आणले आहे. अमेरिकेत २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे गेली. पण वर्षानुवर्षांचे अपघात पाहिले तर त्यांतला मोठा वाटा उत्तम उघडलेल्या, काही बिघाड नसलेल्या छत्रीखाली झालेल्या अपघातांचा असतो. छत्री चांगली, हवा चांगली, आणि हात छत्रीपेक्षा कच्चा. मला वाटते, ज्या आईबापांची मुले असल्या वाटेला जातात त्यांनी "उघडेल ना?" ह्या प्रश्नापाशी न थांबता "किती फुटांची?" हेही विचारावे.

ताईने मला बोलावून घेतले होते ते वेगळ्याच अपेक्षेने. "तू प्रोफेसर आहेस, तुझं ऐकेल. हे खूळ काढ तिच्या डोक्यातून." मी तसे काही केले नाही. सव्वीस वर्षांच्या, स्वतः मिळवत्या मुलीला नको म्हणणे फार सोपे असते, कारण ती ऐकत नाही आणि आपण मोकळे होतो. मी तिला एवढेच विचारले की विकणारा काय म्हणतो. तिने त्याचा निरोप वाचून दाखवला. त्याचा भावार्थ असा, की आज लहान वाटली तरी काही हरकत नाही, तू हळूहळू ह्या छत्रीच्या मापाची होशील. सगळेच पुढे लहान छत्रीकडे जातात, मग पैसे दोनदा कशाला घालवायचे?

हे ऐकून ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पळी तशीच.

"म्हणजे वाढत्या अंगाचं घे म्हणतो का तो?"

"तसंच काहीसं, आई."

"अगं मग वाढत्या अंगाचं म्हणजे मोठं घ्यायचं असतं! तुझा शाळेचा फ्रॉक मी कधी लहान शिवला होता का?"

गॅलरीतसुद्धा कोणी हसले नाही. भाची बराच वेळ त्या भगव्या फोटोकडे पाहत बसली. रात्री तिने आपल्या शिक्षकाला लिहिले. त्याचे उत्तर आले त्यात हो किंवा नाही नव्हते, प्रश्न होते: गेल्या दहा उड्यांत ठरल्या जागी किती वेळा उतरलीस? पायांवर उभी किती वेळा, बसून किती वेळा? वारा शेवटच्या तीनशे फुटांत बदलला तेव्हा काय केलेस? तिने वहीत उत्तरे मांडली. दहांत चार वेळा ती बसून उतरली होती. वारा बदलल्याचा प्रसंग तिच्यावर अजून आलेलाच नव्हता.

भगवा संच आठ दिवसांत दुसऱ्या कोणी नेला. ते तिला लागले. त्या रविवारी ती दादरला आली, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासभर बसली आणि छत्रीविषयी एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा थायलंडला गेली आणि आणखी चाळीसएक उड्या भाड्याच्या संचांवर केल्या. आधी २१० फूट, मग १९०, शेवटी १७०. प्रत्येक आकाराशी ओळख झाल्याशिवाय खाली उतरायचे नाही असा नेम केला. छत्री वर हजारो फुटांवर असतानाच एक दोर ओढून, दोन्ही ओढून, मागचे पट्टे ओढून, अर्धवट वळून, ती कधी रुसते ते पाहून घ्यायचे. जमिनीपाशी उतरणे हा एक क्षणाचा प्रसंग असतो, पण त्याची तालीम वर करता येते. एकदा वारा खरोखर फिरला. ती नेमलेल्या जागेपासून दोनशे पावलांवर एका शेतात, चिखलात, पण सरळ, न वळता उतरली. मला हे तिने जेवढ्या अभिमानाने सांगितले तेवढ्या अभिमानाने परवाना मिळाल्याचेही सांगितले नव्हते.

आणि तिथेच तिला जुना संच मिळाला. मुख्य छत्री १७० फूट, नऊ कप्प्यांची; भावोजींच्या वहीप्रमाणे ०.८५. राखीव १६० फूट, कारण ज्या दिवशी राखीव लागते त्या दिवशी माणसाचे चित्त ठिकाणावर नसते, कधी बेशुद्धही असतो, तेव्हा ती उदारच हवी. पाठीवरची पिशवी अशी की पुढे केव्हातरी १५० फुटांची छत्रीही तीत बसेल. पिशव्यांचे मापही ठरलेले असते. फार मोठी छत्री कोंबली तर उघडताना अडते, फार लहान घातली तर घडी सैल पडते. यंत्राची अजून काही वर्षे शिल्लक.

पट्ट्यांची गंमत ताईला लगेच कळली. भगवा संच सहा फुटी पुरुषाच्या मापाचा होता, हे तिने ऐकल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज कधी बसतो का?" पट्टे सैल असले तर छत्री उघडतानाच्या हिसक्याला माणूस त्यांत सरकतो, आणि मुठी जिथे असायला हव्यात तिथे राहत नाहीत. स्वयंपाकघरात हजार वेळा केलेली कवायत मग फुकट. नवा घेतलेला संच तिच्याच उंचीच्या एका बाईंचा होता. तरीही पैसे देण्यापूर्वी तिने तो तिथल्या परवानाधारक कारागिराकडे दिला. त्याने दोऱ्यांची लांबी मोजली, कापड ताणून पाहिले, शिवणी उजेडासमोर धरल्या. हे ऐकून भावोजींना मृगाआधीची आठवण झाली. दोऱ्यांचा एक जोड झिजला होता. तो बदलण्याचे पैसे किमतीतून कापून घेतले, हे तर खास गिरगावचे.

रंग मात्र मेंदीचा, मधून जांभळा पट्टा. ताई म्हणाली, "असला रंग पैसे देऊन घेतलास?"

सध्या हा संच चाळीतल्या लोखंडी कपाटात, गाद्यांच्या वरच्या फळीवर, पातळात गुंडाळून ठेवलेला असतो. उन्हापासून व ओलीपासून कापड जपावे लागते. शेजाऱ्यांची मुले आली की त्याचे दर्शन होते, पण मुठींना हात लावायची परवानगी नाही. राखीव छत्री मात्र घरी उघडायची नसते. तिची घडी फक्त परवानाधारकानेच घालायची आणि सोबतच्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. अमेरिकेच्या नियमाने ती १८० दिवस चालते. मग लागली असो वा नसो, उघडून, तपासून पुन्हा घालायची.

भाचीने हे कार्ड आईला दाखवले. ताईने चष्मा लावून तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटून एका चौकोनात, गॅसच्या नोंदणीखाली आणि भिशीच्या वर, बारीक अक्षरांत लिहिले: "छत्री."